चालून आल्यावरची भूक: वजन उतरवताना तिचे काय करायचे?

मिरामारच्या वाळूत, फर्मागुढीच्या पठारावर आणि गावोगावच्या मैदानांभोवती पहाटे चालणारे आता गोव्यात सर्वत्र दिसतात, आणि त्यांच्यात एक तक्रारही हटकून ऐकू येते: चालणे नियमित आहे, घाम भरपूर गळतो, पण वजनाचा काटा हलत नाही, उलट पूर्वी कधी लागत नव्हती अशी भूक लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार गोव्यातील प्रौढांपैकी साधारण तिघांत एकाचे वजन प्रमाणापेक्षा जास्त आहे, तेव्हा ही तक्रार थोड्याथोडक्यांची नाही. त्यातच २०२५ मध्ये वजन उतरवणारी इंजेक्शने भारतात विक्रीला आली, आणि ती चरबी जाळत नसून मुख्यतः भूक कमी करतात हे वाचून अनेकांना प्रश्न पडला की मग आपण इतके दिवस चालत होतो ते कशासाठी. या प्रश्नाचे उत्तर मिळवायचे तर आधी भूक कशी लागते ते पाहावे लागते.

भूक लावतो कोण?

भूक पोटात जाणवत असली तरी तिचा निर्णय मेंदूत होतो. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग आहे, आणि त्याच्याकडे शरीरभरातून रक्तावाटे निरोप येत असतात. हे निरोप पोहोचवणाऱ्या रासायनिक द्रव्यांना संप्रेरके म्हणतात. त्यांतील तीन ओळखीची झाली की पुढचा बराचसा विषय सोपा होतो. पहिले ग्रेलिन. जपानी शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये शोधलेले हे संप्रेरक जठरात तयार होते, जेवणाची नेहमीची वेळ जवळ आली की वाढते आणि जेवल्यावर उतरते. दुसरे लेप्टिन, जे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात १९९४ मध्ये सापडले. ते चरबीच्या पेशींतून स्रवते आणि शरीरात साठा किती आहे ते मेंदूला कळवते. तिसरे जीएलपी-१, जे आतड्यात अन्न पोहोचले की स्रवते, जठर रिकामे होण्याचा वेग मंदावते आणि ‘आता पुरे’ ही जाणीव देते. बातम्यांत गाजणारी सेमाग्लुटाइडसारखी औषधे या तिसऱ्याचीच नक्कल करतात. फरक एवढाच की आतड्यातले जीएलपी-१ काही मिनिटांत नष्ट होते आणि औषधाचा परिणाम आठवडाभर टिकतो.

या सर्वांचा एकत्रित कारभार जुन्या घरातल्या काटकसरी आजीसारखा चालतो. तांदळाचे पिंप थोडे खाली गेलेले दिसले की आजी दोन कामे एकाच वेळी करते: बाजारातून तांदूळ आणायचा तगादा लावते, आणि नवा तांदूळ घरात येईपर्यंत भात शिजवायचे माप आखडते. आपण वजन उतरवायला लागलो की शरीरही हेच करते, म्हणजे भूक वाढवते आणि खर्च कमी करते. पिंप रिकामे होण्यामागे दुष्काळ आहे की घरच्यांनी हौसेने धरलेला नेम, हे आजीला कळत नाही. म्हणून चालायला लागल्यावर भूक वाढली की ती आपल्या मनाची दुर्बलता समजून स्वतःला दोष देणे मला अनाठायी वाटते. शरीर आपले काम चोख करत आहे, एवढाच त्याचा अर्थ.

चालण्यात खर्च तरी किती होतो?

अन्नातून मिळणारी आणि शरीराने खर्च केलेली ऊर्जा कॅलरीत मोजतात. ७० किलो वजनाची व्यक्ती ताशी पाच किलोमीटरच्या चालीने पाऊण तास चालली, तर साधारण १८० कॅलरी खर्च होतात. पण तीच व्यक्ती तेवढा वेळ खुर्चीत बसून राहिली असती तरी त्यांतल्या पन्नासेक खर्च झाल्याच असत्या. म्हणजे चालण्याची निव्वळ कमाई सुमारे १३० कॅलरी, जी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, एका पावाच्या आसपास भरते. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात, तेव्हा खाण्यात तसूभर फरक न करता महिनाभर रोज चालले तर हिशेबाने जेमतेम अर्धा किलो वजन उतरेल.

मनगटावरचे घड्याळ मात्र याहून कितीतरी मोठा आकडा दाखवू शकते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये अशी सात यंत्रे तपासली, तेव्हा नाडीचे ठोके बहुतेकांनी बरोबर मोजले. परंतु कॅलरींच्या बाबतीत त्यांतले सर्वांत अचूक यंत्रही सरासरी २७ टक्क्यांनी चुकले. त्या आकड्याच्या भरवशावर ‘आज तीनशे जाळल्या, दोनशे खायला हरकत नाही’ असा व्यवहार करणे धोक्याचे आहे.

मग व्यायामाने भूक वाढते की कमी होते?

दोन्ही घडते, पण वेगवेगळ्या वेळी. जोरात चालणे, धावणे किंवा सायकल चालवणे यांनंतर लगेच तासाभरापुरते ग्रेलिन उतरते आणि बहुतेकांना खावेसे वाटत नाही. गोव्याच्या दमट उकाड्यात तर भूक आणखीच मरते. त्यामुळे सकाळी सहाला चालून आलेला माणूस सातला चहा आणि दोन बिस्किटांवर भागवतो, आपल्याला भूकच नाही असे समजून समाधान पावतो आणि कामाला लागतो. थांबलेली भूक नंतर सावकाश येते: कोणाला सकाळी अकराला, कोणाला संध्याकाळी पाचला, कोणाला दुसऱ्या दिवशी. एकाच दिवसात चालण्याची सगळी वसुली होतेच असे नाही, आणि माणसामाणसांत यात मोठा फरक असतो. पण काही आठवड्यांत अनेकांचे खाणे हळूहळू वाढते आणि वजन एका ठिकाणी थबकते.

वसुलीची दुसरी वाट खाण्यातून जातच नाही. सकाळी चाललो म्हणून दुपारची डुलकी वीस मिनिटांऐवजी दीड तासाची होते, नाक्यावरच्या दुकानात जायला स्कूटर काढली जाते आणि जिन्याऐवजी लिफ्ट बरी वाटते. गोव्यातल्या दुपारच्या झोपेविरुद्ध लिहिण्याचे धाडस मी करणार नाही, पण चालणे सुरू केल्यापासून ती लांबली आहे का, हे प्रत्येकाने पाहावे.

तिसरी वाट घरच्यांच्या मायेची. ‘भावजी, एवढे चालून आलात, दोन बन्स तरी घ्या,’ असे वहिनी आग्रहाने म्हणतात, आणि आपल्यालाही ते कमावलेले वाटतात. इथे भूक नसते, बक्षीस असते.

भूक वाढणार असेल तर चालूच नये का?

हा आक्षेप सरळ आहे आणि त्याचे चांगले उत्तर आपल्याच देशातून आले आहे. जाँ मेयर या शास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह पश्चिम बंगालमधील एका ताग गिरणीतील पुरुषांचे खाणे, काम आणि वजन तपासले आणि त्याचा निष्कर्ष १९५६ मध्ये प्रसिद्ध केला. अंगमेहनतीच्या कामात काम वाढेल तसे खाणेही वाढले होते आणि वजन साधारण स्थिर होते. मात्र अगदी बैठे काम करणारे लोक हलके काम करणाऱ्यांपेक्षा कमी नव्हे, तर जास्त खात होते, आणि त्यांचे वजनही जास्त होते. अजिबात हालचाल नसली की भुकेचा आणि गरजेचा मेळ सुटतो, असे यातून दिसते. शिवाय रक्तातील साखर, रक्तदाब, झोप आणि स्नायू यांना व्यायामाचा होणारा लाभ वजनावर अवलंबून नसतो. चालणे सोडून केवळ ताट लहान करणारा माणूस चरबीबरोबर स्नायूही गमावतो.

तेव्हा व्यायाम हवाच, आणि त्याच्यासोबत येणारी भूकही गृहीत धरायला हवी. ती दाबण्यापेक्षा ती केव्हा येते ते ओळखून त्या वेळचे खाणे आधीच ठरवून ठेवणे सोपे पडते.

संध्याकाळचे पाच

गोव्यातल्या वजनाचा प्रश्न जेवणाच्या ताटापेक्षा संध्याकाळच्या पाच वाजता अधिक अडकतो, असे माझे मत आहे. कचेरी सुटते, दुपारच्या भातमाशाला चार तास झालेले असतात, सकाळच्या चालण्याची राहिलेली भूक नेमकी याच सुमारास उगवते आणि वाटेतल्या हॉटेलात पातळ भाजीवर फोडणीची तर्री तरंगत असते. दोन पाव, पातळ भाजी, सोबत मिरची भजी आणि साखरेचा चहा एवढ्याची बेरीज सहज चारशे कॅलरींच्या पुढे जाते. सकाळची कमाई १३० होती.

या पदार्थांत वाईट काही नाही. पातळ भाजीत वाटाणे किंवा चणे असतील तर ती पोट धरून ठेवते. अडचण आहे ती पाव आणि तळणीची. एक पाव, पूर्ण वाटी भाजी आणि भज्यांना रजा, असा सौदा भुकेला पटतो, कारण पोट भरण्याचे काम भाजीने केलेले असते. त्याहून चांगला उपाय म्हणजे साडेचारलाच डब्यातले काहीतरी खाऊन हॉटेलासमोरून जाणे: मूठभर उकडलेले चणे, एक उकडलेले अंडे, किंवा काकडी आणि थोडे शेंगदाणे. कडकडून भूक लागल्यावर कोणीही शहाणपणाने निवड करत नाही, म्हणून ती तशी लागण्याआधीच खायचे.

पोट भरलेले कशाने राहते?

सिडनी विद्यापीठात १९९५ मध्ये एक साधा पण फार उपयोगी प्रयोग झाला. ३८ खाद्यपदार्थांचे प्रत्येकी सारख्याच, म्हणजे २४० कॅलरींचे वाटे लोकांना देऊन त्यानंतर दोन तास त्यांना किती तृप्त वाटते ते मोजले. पहिला क्रमांक उकडलेल्या बटाट्याने पटकावला आणि दुसरा माशाने. लोण्याच्या थरांचा क्रोसाँ नावाचा फ्रेंच पाव सर्वांत खाली होता. बटाट्याने दिलेली तृप्ती त्याच्या जवळजवळ सातपट होती. तोच बटाटा तळून वेफर झाला की साध्या पावाच्याही मागे पडला. पोट धरणाऱ्या पदार्थांत साधारणपणे प्रथिने, तंतू (फायबर) आणि पाणी जास्त असते, तर तेल व मैद्याचे पदार्थ थोड्या जागेत पुष्कळ कॅलरी भरून येतात आणि भूक तशीच ठेवतात.

हे कळले की गोव्याच्या जुन्या स्वयंपाकघराकडे वेगळ्या नजरेने पाहता येते. शेतात राबणाऱ्या माणसाची सकाळी दहाची उकड्या तांदळाची पेज घ्या. पाणी अन्नातच शिजलेले असेल तर ते शेजारी पेल्यात ठेवून प्यायलेल्या पाण्यापेक्षा जास्त पोट भरते. अमेरिकेत १९९९ मध्ये स्त्रियांवर झालेल्या एका प्रयोगात तेच पदार्थ आणि तेवढेच पाणी सूप करून दिल्यावर पुढचे जेवण कमी गेले, वेगळे पाणी दिल्यावर गेले नाही. पेजेत मात्र प्रथिने फारशी नसतात. नुसती पेज आणि लोणच्याची फोड घेतली तर दीड तासात पुन्हा भूक लागते, पण तिच्यासोबत वाटीभर मोड आलेले मूग किंवा अळसांद्यांची उसळ घेतली तर दुपारपर्यंत निभावते. खाऱ्या सुक्या मासळीनेही प्रथिने मिळतात, पण रक्तदाब असणाऱ्यांनी तिच्यातल्या मिठाकडे लक्ष द्यावे.

माशाच्या बाबतीत आपण भाग्यवान आहोत. शंभर ग्रॅम बांगड्यात १९-२० ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे तीन अंड्यांहून थोडी अधिकच. फक्त नेहमीच्या ताटात भाताचा डोंगर, त्यावर भरपूर हुमण आणि माशाची एकच फोड असते. हे प्रमाण उलटवावे: फोडी दोन-तीन, हुमण बेताचे, कारण त्यातल्या नारळात कॅलरी बऱ्याच असतात, भात एक मूद आणि उरलेल्या जागेत भाजी. जेवताना आधी मासा आणि भाजी, मग भात, असा क्रम ठेवला तर रक्तातील साखरही एकदम चढत नाही. रव्यात घोळवून तळलेले तुकडे आठवड्यातून एकदा ठीक. रोज असतील तर चालणे विसरावे.

जून-जुलैमधील मासेमारी बंदीत आणि श्रावणात हा आधार सुटतो आणि नेमके तेव्हाच अनेकांचे वजन वाढते. मासळी गेली की तिची जागा बहुधा बटाट्याची भाजी आणि पापड घेतात, म्हणून त्या काळात मुगागाठी, अळसांदे, चणे, दही यांचे प्रमाण मुद्दाम वाढवायला हवे. उपवासाच्या दिवशी तर साबुदाण्याची खिचडी खाऊन चालायला जाणे म्हणजे संध्याकाळच्या भुकेला आमंत्रण आहे, कारण साबुदाणा हा जवळजवळ शुद्ध पिष्ट आहे. त्या दिवशी दूध, दही, दाणे आणि फळे यांवर भर द्यावा.

पाकिटबंद खाण्याबद्दल एकच गोष्ट सांगतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१९ मध्ये वीस जणांना दोन आठवडे कारखान्यात तयार झालेले अन्न आणि दोन आठवडे घरगुती पद्धतीचे अन्न दिले; साखर, तेल, तंतू यांचे प्रमाण दोन्हींत सारखे होते आणि हवे तेवढे खाण्याची मुभा होती. पाकिटबंद अन्नावर असताना माणसे दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन बसली.

खरी भूक की नुसती इच्छा?

खरी भूक हळूहळू वाढते आणि तिला आमटी-भातही चालतो. इच्छा एकाएकी येते आणि तिला शेव, भजी किंवा बेबिंकाच हवी असते. शंका आली की ‘आता थंड उकडा भात आणि मुगाची आमटी मिळाली तर खाईन का?’ असे स्वतःला विचारावे. उत्तर होकारार्थी असेल तर खावे, आणि खरेच पोटभर खावे. नकारार्थी असेल तर दहा मिनिटे इकडेतिकडे करावीत.

तहानेचाही घोटाळा होतो. हवा दमट असल्याने घाम वाळत नाही, नुसता गळत राहतो, आणि चालून आल्यावरचा थकवा पुष्कळदा पाण्याच्या कमतरतेचा असतो. साधे पाणी किंवा बिनसाखरेचे कोकमाचे आगळ घातलेले पाणी पुरते. शहाळ्यात पन्नासच्या आसपास कॅलरी असतात, ते चालेल. उसाच्या रसाचा मोठा पेला मात्र सकाळचे चालणे पुसून टाकू शकतो. फेणीचेही तसेच आहे: ६० मिलिलिटर फेणीत सुमारे १४० कॅलरी, म्हणजे पाऊण तासाच्या चालण्याहून किंचित जास्त, आणि त्यात मिसळलेला गोड सोडा वेगळा. शिवाय दारूने भूक चाळवते आणि शेजारच्या बशीतला तळलेला बोंबील किती संपला याचा हिशेब राहत नाही.

झोपेचा संबंध लोकांना दूरचा वाटतो, पण तसा तो नाही. शिकागो विद्यापीठात २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १२ निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिले. ग्रेलिन २८ टक्क्यांनी वाढले, लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरले आणि गोड-खारट खाण्याची ओढ वाढली. हॉटेलांत आणि कॅसिनोंत रात्रपाळी करणाऱ्यांनी झोप कापून व्यायाम करू नये. आठवड्यातून तीन दिवस नीट झोपून केलेला व्यायाम त्यांना अधिक लाभतो.

उपाशीपोटी चालले तर चरबी जास्त जळते ना?

चालत असताना थोडी जास्त जळते, हे खरे आहे. पण दिवसभराचे एकूण खाणे सारखेच असेल तर आठवड्याअखेर फरक उरत नाही. ज्याला रिकाम्या पोटी हलके वाटते त्याने तसे चालावे, ज्याला चक्कर येते त्याने अर्धे केळे खाऊन निघावे. मधुमेहींची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि गोव्यात ती दुर्लक्षून चालणार नाही: भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात मधुमेहाचे प्रमाण गोव्यात सर्वाधिक, २६.४ टक्के, आढळले. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांना चालताना अथवा नंतर हात थरथरणे, घाम सुटणे, छातीत धडधडणे आणि कासावीस करणारी भूक असे एकत्र जाणवले, तर ती भूक वजनाची नसून साखर खाली गेल्याची खूण असू शकते. रक्तातील साखर ७० च्या खाली असेल, किंवा मोजायचे साधन जवळ नसेल, तर लगेच तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून प्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि त्यानंतर काही खावे. असे वारंवार होत असेल तर औषधाची मात्रा डॉक्टरांकडून बदलून घ्यावी. चालणे बंद करण्याची गरज नसते.

त्यापेक्षा इंजेक्शनच घेतले तर?

तो निर्णय डॉक्टरांसोबत घ्यायचा आहे, आणि बरेच वजन, मधुमेह किंवा गुडघे-हृदयाचे आजार असणाऱ्यांना त्याचा मोठा उपयोग होतो. पण औषध थांबवल्यावर भूक परत येते: २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात, उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन लोकांच्या अंगावर परत आले. औषध चालू असताना तर भूक इतकी कमी होते की प्रथिने पोटात जावीत म्हणून मासा-डाळ आठवणीने खावी लागते.

वजन मध्येच का थांबते?

सात-आठ किलो उतरल्यावर काटा अडतो तेव्हा बहुतेकांना आपले काहीतरी चुकले असे वाटते. चुकलेले काही नसते. ८० किलोचे शरीर ७२ किलोचे झाले की त्याच वाटेवर त्याच चालीने जायला सुमारे दहा टक्के कमी ऊर्जा लागते, आणि शरीरातल्या त्या काटकसरी आजीने मापही आखडलेले असते. मेलबर्नमधील संशोधकांनी २०११ मध्ये दाखवले की वजन उतरवल्यावर वर्षभरानंतरही ग्रेलिन चढेलच होते आणि माणसांना पूर्वीपेक्षा जास्त भूक लागत होती. म्हणून या टप्प्यावर आणखी कमी खाण्याचा हट्ट करू नये. आठवड्यातून दोनदा उठाबशा, भिंतीला हात टेकून जोर, भरलेल्या पाण्याच्या बाटल्या उचलणे असे स्नायूंचे व्यायाम जोडावेत, आणि काट्यासोबत कमरेचा घेर मोजावा: भारतीयांसाठी पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत तो असावा असे सांगतात. काटा थांबला असूनही फीत सैल होत असेल तर ताटाला हात लावण्याचे कारण नाही. दोन्ही महिनाभर जागच्या जागी राहिली, तर आधी तेलाची बाटली तपासावी. पंतप्रधानांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये तेल दहा टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन केले होते, आणि त्यामागचा हिशेब घरीही पडताळता येतो: एका मोठ्या चमचाभर तेलात सुमारे १२० कॅलरी असतात, म्हणून चौघांच्या स्वयंपाकात रोज असे चार चमचे कमी पडले तर प्रत्येकाच्या ताटातून जवळजवळ पाऊण तासाच्या चालण्याइतक्या कॅलरी जातात, आणि तेवढ्याने भूक सहसा वाढत नाही.